अर्जातली आई

ऑफिसात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि आदर किती, हे म्हणणाऱ्यांनाही धड सांगता आलं नसतं.

तिसऱ्या मजल्यावर चौदा टेबलं, चौदा कॉम्प्युटर, चौदा हेडफोन. कुठल्या कुठल्या इस्पितळांतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की यंत्रात बोलून ठेवायचे, आणि ते बोललेलं इथे बसून टाईप करायचं. टेबलाखाली पायाशी एक पेडल असायचं. दाबलं की आवाज पुढे चाले, सोडलं की थांबे. कोण डॉक्टर जेवता जेवता बोलतो, कोण जांभया देतो, कुणाला दर दोन वाक्यांनी खोकला येतो, हे तिला न बघता पाठ झालं होतं. चौदा जणांत खरी डॉक्टर ती एकटीच. एखादं औषधाचं नाव उलगडलं नाही की कोपऱ्यातून हाक यायची, “डॉक्टरीणबाई, हा काय पुटपुटतोय बघा हो!” ती उठायची, त्या हेडफोनला कान लावायची, नाव सांगायची आणि परत जागेवर येऊन बसायची. यात तिची चूक कधी झाली नाही.

तिचं वय पस्तीस. चोविसाव्या वर्षी पदवी हातात पडली तेव्हा ती वर्गात तिसरी होती. पुढे मेडिसिनमध्ये निवासी डॉक्टर व्हायचं, तीन वर्षं वॉर्डात घासून काढायची आणि मग स्वतःच्या पायावर उभं राहायचं, असं सगळं सरळ दिसत होतं. त्याच वर्षी आईच्या पायांवर सूज आली. आई शाळेत भाषा शिकवायची. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, असं म्हणून तिने सहा महिने अंगावर काढले. तपासलं तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त गेलेली. वडील आधीच गेले होते. धाकटा भाऊ शिकत होता. पुढे नोकरी लागून दूर गेला आणि तिकडचाच झाला.

“एक वर्ष थांबते,” ती म्हणाली होती. “आईची गाडी रुळावर आली की अर्ज करते.”

गाडी काही रुळावर आली नाही. तीन वर्षं औषधं आणि पथ्य, मग डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर खेपेला चार तास. डाव्या हाताची शीर फुगून दोरखंडासारखी झालेली, तिच्यात दोन जाड सुया. दिवसाला मोजून एक लिटर पाणी, तेही भाजीतलं आणि चहातलं धरून. एकाची दोन, दोनाची आठ वर्षं कधी झाली ते कळलंच नाही. मधे घर चालवायला तिने ही टायपिंगची नोकरी धरली, कारण इथे सकाळी उशिरा आलं तरी चालायचं. तीन वर्षांपूर्वी मनाचा हिय्या करून तिने प्रवेशपरीक्षा दिली. गुण चांगले पडले. ते गुण तीन वर्षं धरले जायचे. पहिल्या वर्षी अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणं आलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. हे तिसरं वर्ष, म्हणजे शेवटचं.

अर्जात बाकी सगळं रकान्यांत भरायचं होतं. एकच गोष्ट मोकळी सोडलेली होती: पर्सनल स्टेटमेंट. एक पान. तुम्ही कोण, ही शाखा का निवडता, आजवर काय केलंत. दिवसाकाठी दुसऱ्यांची पन्नास पानं टाईप करणाऱ्या या बाईचं घोडं या एका पानाशी येऊन अडत होतं. ‘लहानपणापासून मला लोकांची सेवा करण्याची आवड होती,’ असं ती लिहायची आणि पुसायची.

आईने ते पान मागून घेतलं. “शुद्धलेखन तरी बघते,” म्हणाली. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या आणि कागद परत दिला.

“कसं वाटलं?”

“चूक काही नाही. पण हे वर्गातल्या कुठल्याही मुलीने लिहिलं असतं. मी दहापैकी पाच दिले असते.”

“पाच?”

“अक्षरासाठी एक धरून.”

शेवटी लाज गुंडाळून ठेवून तिने आपल्या ज्युनिअरला फोन केला. कॉलेजात तो तिच्या दोन वर्षं मागे होता. पेशंटच्या हातातून रक्त कसं काढायचं, हे तिने त्याला स्वतःच्या हातावर शिकवलं होतं. आता तो एका मोठ्या इस्पितळात मेडिसिनचा सहायक प्राध्यापक होता आणि आलेल्या अर्जांची पहिली चाळणी त्याच्या हातून व्हायची. त्याने तिला इस्पितळाच्या कँटीनमध्ये बोलावलं. ती येताच तो उठून उभा राहिला, खुर्ची पुढे केली. अजूनही तो तिला ताई म्हणायचा.

त्याने पान वाचलं. त्याला फारसा वेळ लागला नाही.

“ताई, खरं सांगू?”

“त्यासाठीच आले.”

“आमच्याकडे सातशे अर्ज येतात. एकेका पानाला मी दीड मिनिट देतो. तुमचे गुण बघून फाईल उचलली जाते आणि अकरा वर्षांचा खड्डा बघून खाली ठेवली जाते. या पानात त्या खड्ड्याबद्दल एक ओळ आहे. ‘कौटुंबिक कारणांमुळे.’ त्यातून काय कळणार?”

“मग आईबद्दल लिहू?”

“लिहा ना. तेच तर आहे तुमच्याकडे.” मग तो घुटमळला. कपाची कड बोटाने पुसत राहिला. “फक्त… आजारी माणूस अजून घरी आहे म्हटलं की समितीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो. हिची छत्तीस तासांची ड्युटी लागली तर आईला कोण बघणार? हे कागदावर कुणी विचारत नाही, मनात मात्र विचारतातच. ते सगळं… संपलेलं असलं, तर लोकांना बरं वाटतं.”

“संपलेलं नाही ते.”

“माहीत आहे हो, ताई. मी फक्त समिती कशी बघते ते सांगितलं.”

तो तिला फाटकापर्यंत सोडायला आला. वाटेत वॉर्डात जाणाऱ्या दोन निवासी डॉक्टरणी दिसल्या, खिशात नळ्या खोचलेल्या, केस विस्कटलेले, एकमेकींवर ओरडत चाललेल्या. तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिने मान फिरवली.

ते पान तिने शनिवारी लिहिलं, डायलिसिस केंद्रातल्या बाकावर, लॅपटॉप मांडीवर घेऊन. समोर काचेचं दार, त्याच्या पलीकडे सहा खुर्च्या. तिसऱ्या खुर्चीत आई. डोळे मिटलेले, पायांवर पांघरूण, शेजारी यंत्राचं चाक गरगरतंय आणि पारदर्शक नळीतून तिचं रक्त जातंय-येतंय. तिने पहिलं वाक्य लिहिलं: ‘मागच्या वर्षी माझी आई गेली.’

त्यानंतर हात थांबलेच नाहीत. गेली अकरा वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते धडाधडा यायला लागलं. मापाचा पेला. आई पाण्याचे घोट मोजून प्यायची आणि शेवटचा घोट तोंडात धरून बसायची, ते. मशीनवरून उतरल्यावर तिचे थंडगार पाय. पोटॅशियम वाढलेलं कागदावर दिसायच्या आधी आईच्या बोलण्यातून कसं ओळखू यायला लागलं, ते. हजारो मृत्यू तिने टाईप केले होते. शेवटची वेळ, शेवटची नाडी, ‘प्रयत्नांना यश आलं नाही’, हे सगळं बोटांना तोंडपाठ होतं. तिने आईचा मृत्यू लिहिला. सकाळची वेळ, खिडकी उघडी. आईने शेवटी माझा हात हातात धरला आणि धरूनच ठेवला, असं लिहिलं. लिहिताना तिला हुंदका आवरेना. बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने आपला रुमाल पुढे केला. तिने तो घेतला, नाक पुसलं आणि काचेतून बघितलं. आईने डोळे उघडले होते, आणि ती बोटं हलवून ‘काय गं?’ असं विचारत होती.

तिने मान हलवली. काही नाही.

अर्ज गेला. सतरा दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. तेही ज्युनिअरच्याच इस्पितळातून.

आईला इतका आनंद तिने कितीतरी वर्षांत झालेला पाहिला नव्हता. “तुझी फाईल मी लावून देते,” आई म्हणाली. “तू कागद कधी नीट लावलेस?” आईला तेवढंच बसून करण्यासारखं काम. रविवारी दुपारी तिने पलंगावर सगळी प्रमाणपत्रं पसरली आणि तारखेप्रमाणे लावायला घेतली. मुलगी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. अर्जाची छापील प्रत आपण त्याच गठ्ठ्यात टाकलीय, हे नळ बंद करताना तिच्या लक्षात आलं. हात तसेच ओले घेऊन ती धावत आली.

आई वाचत होती. शेवटचा परिच्छेद. मुलगी दारातच थिजली.

आईने पान पूर्ण केलं. चष्मा काढला, काच पदराने पुसली, पुन्हा घातला.

“हे चांगलं लिहिलंयस,” ती म्हणाली. “हे तू लिहिलंयस.”

“आई, ऐक ना, तो म्हणाला की…”

“कोण काय म्हणाला ते राहू दे. बस इथे. हात पूस आधी.”

ती बसली. कागद पलंगभर पसरलेले होते. आईने पान पुन्हा हातात घेतलं, वर्गात उत्तरपत्रिका धरायची तसं, थोडं लांब.

“मी कधी गेले?”

“आई, पुरे.”

“पुरे काय? तिथे विचारतील की नाही? ‘मागच्या वर्षी’ एवढंच आहे यात. तारीख विचारली तर तू अं-अं करत बसशील आणि सगळं मुसळ केरात. स्वतःची आई गेल्याची तारीख कुणी आठवत बसतं का? सांग.”

“मार्च.”

“मार्चमध्ये धाकट्याचा वाढदिवस असतो. पोराचा वाढदिवस कशाला नासवतेस? सप्टेंबर घे. सप्टेंबरात आपल्याकडे कुणाचंच काही नसतं.”

“बरं. सप्टेंबर.”

“तारीख?”

“अकरा.”

“वार?”

तिला रडू फुटलं. आई थांबली नाही. फोन हातात घेऊन तिने स्वतःच कॅलेंडर उघडलं, मागचं वर्ष काढलं आणि वार बघून सांगितला. मग म्हणाली, “वय किती सांगशील?”

“अडुसष्ट.”

“चूक. अडुसष्ट मला या जूनला झाली. मागच्या सप्टेंबरात गेले, म्हणजे सदुसष्ट. अशाच ठिकाणी माणूस पकडला जातो.”

असं तिने चार वेळा म्हणवून घेतलं. चौथ्या वेळेला मुलीचा आवाज कापला नाही, तेव्हा आईने “आता कसं,” म्हणून पान फाईलमध्ये योग्य जागी सरकवलं. फाईलची दोरी बांधली. गाठ सुटू नये म्हणून दोनदा बांधली. मग खिडकीकडे बघत विचारलं, “शेवटी मी तुझा हात धरला, असं लिहिलंयस. तसं होईल का गं?”

ती डॉक्टर होती. डायलिसिसवरची माणसं कशी जातात हे तिला माहीत होतं. बहुतेकदा अचानक, बऱ्याचदा बेशुद्धीत, नळ्यांच्या गुंत्यात, अनोळखी माणसांच्या हाताखाली.

“होईल,” ती म्हणाली.

“मग ठीक आहे,” आई म्हणाली आणि उशी सरळ करून आडवी झाली.

मुलाखत नेमकी मंगळवारी होती. आई डायलिसिसला एकटी गेली, खाली केंद्राच्या गाडीत बसताना म्हणाली, “तिथे उगाच माझ्या काळजीने तोंड पाडून बसू नकोस. मी नाहीये.” आणि स्वतःच हसली. मुलीला हसता आलं नाही.

खोलीत लांब टेबल आणि पलीकडे तिघं. मधोमध विभागप्रमुख, डावीकडे एक तरुण डॉक्टर, जो सारखा फोन उलटा-सुलटा करत होता, आणि उजवीकडे साखळीचा चष्मा लावलेल्या, पांढऱ्या केसांच्या एक बाई. सुरुवातीला पुस्तकी प्रश्न झाले. तिला सगळे आले. सोडियमबद्दलच्या प्रश्नाला तर तिने असं उत्तर दिलं की तरुण डॉक्टरने फोन खाली ठेवला.

मग बाई म्हणाल्या, “तुमचं पान मी दोनदा वाचलं. आई कधी गेल्या?”

“अकरा सप्टेंबरला.”

“वय काय होतं?”

“सदुसष्ट.”

“आणि तुम्ही जवळ होता.” बाईंनी चष्मा डोळ्यांवरून काढला. “माझी आई गेली तेव्हा मी दुसऱ्या कुणाच्या तरी आईला वाचवत होते. तुम्हाला जवळ राहता आलं. नशीबवान आहात.”

तिने मान खाली घातली. ते त्यांनी दुःखच समजलं. तिला समजून घेण्याची सगळ्यांची तयारीच होती, आणि त्या क्षणी तिला वाटलं, उठावं आणि या भल्या बाईंचे पाय धरावेत. तेवढ्यात प्रमुखांनी विचारलं, “आता घरी कुणाची जबाबदारी?”

हा प्रश्न आईने करून घेतलेल्या उजळणीत नव्हता.

“नाही,” ती म्हणाली. “कुणी नाही.”

ती केंद्रावर पोचली तेव्हा आईचं आटपून झालं होतं. आई बाकावर बसून सुईच्या जागेवर कापूस दाबत होती. “विचारली तारीख?”

“विचारली.”

“आणि वय?”

“तेही.”

“पूर्ण गुण?”

“पूर्ण.”

आईने समाधानाने मान डोलावली. तिच्या ओठांना कोरड पडून भेगा गेल्या होत्या. त्या दिवसाचं तिचं पाणी संपलं होतं.

यादी नऊ दिवसांनी लागली. तिने ऑफिसात हेडफोन कानाला तसाच ठेवून ती बघितली. पेडलवरचा पाय उचललेला होता, कुणीतरी डॉक्टर अर्ध्या शब्दावर थांबलेला. यादीत नाव नव्हतं. प्रतीक्षायादीतही नव्हतं. तिने वरून खाली दोनदा वाचलं, मग खालून वर. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “काय झालं, डॉक्टरीणबाई?” ती म्हणाली, “काही नाही, डोळ्यांत गेलं काहीतरी.”

ज्युनिअरचा फोन संध्याकाळी आला. तो बराच वेळ नुसताच ताई, ताई म्हणत राहिला.

“मी जे काय बोललो होतो ना तेव्हा…”

“का नाही झालं, तेवढं सांग.”

“सरांचं म्हणणं पडलं की अकरा वर्षांत पेशंटला हात लावलेला नाही, आणि आम्हाला चोविशीतली मुलं मिळतायत. बाई तुमच्यासाठी खूप भांडल्या. पण शेवटी सरांचाच शब्द.”

“म्हणजे आई असती काय आणि नसती काय…”

तो म्हणाला, “पान मात्र फार चांगलं होतं, ताई. अजून बोलतात सगळे.”

तिने आईला त्याच दिवशी सांगितलं. आईने ऐकून घेतलं. “माझ्यामुळे,” एवढंच म्हणाली. मुलीने “नाही गं” म्हटलं, पण ते इतकं हळू की खोलीतल्या खोलीतही पोचलं नसावं.

पुढच्या शनिवारी गाडी खाली येऊन उभी राहिली, आणि आई पलंगावरून उठली नाही.

“आज नको,” ती म्हणाली.

“नको म्हणजे? चपला घाल.”

“आठ वर्षं झाली. पुष्कळ झालं. लिहून तर झालंच आहे तुझं. तारीख तेवढी बदल.”

मुलगी चपला हातात घेऊन उभी होती. तिने त्या जमिनीवर आपटल्या. एक पलंगाखाली गेली.

“हो, लिहून झालं!” ती ओरडली. आईवर ती इतक्या मोठ्याने याआधी कधीच ओरडली नव्हती. “आणि लिहिताना मला रडू आलं तसं बरंही वाटलं. खूप बरं वाटलं. तू काचेच्या पलीकडे होतीस आणि मला तू गेलेली चालत होती. ऐकलंस? हे तुला ऐकायचं होतं ना?”

“मला वाचतानाच कळलं ते,” आई म्हणाली. “पस्तीस वर्षं मुलांचे निबंध तपासलेत मी. माणूस उगाच इतकं चांगलं लिहीत नाही.”

खालून गाडीवाल्याने हॉर्न दिला.

“तू गेलीस तर मी काय करू?” मुलगी म्हणाली. आता आवाजात काहीच उरलं नव्हतं. “मला कुठेही जायचं नाहीये आता. परीक्षा संपली, गुण संपले. मंगळवार, गुरुवार, शनिवार एवढंच काय ते माझं आहे. ते तरी घेऊ नकोस.”

हॉर्न पुन्हा वाजला. मुलगी गुडघ्यांवर बसली, पलंगाखाली हात घालून गेलेली चप्पल चाचपडून काढली. आईने पाय पुढे केला नाही आणि मागेही घेतला नाही. मुलीने तो उचलून चपलेत घातला, मग दुसरा. पाय सुजलेले होते, पट्टा बसेना. तिने तो शेवटच्या भोकात लावला.

केंद्रात तंत्रज्ञाने वजन घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “तीन किलो पाणी वर? आणि पाऊण तास उशीर! काय करत होतात?”

“बोलत बसलो होतो,” आई म्हणाली आणि तिसऱ्या खुर्चीत जाऊन डावा हात पुढे केला.

सुया लागेपर्यंत मुलगी थांबली. मग तिने ऑफिसला फोन करून सांगितलं की पोचायला उशीर होतोय. साहेब म्हणाले, या सावकाश, पण या नक्की, काम तुंबलंय.